ईओडी म्हणजे नक्की किती वाजता?

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'रोजच्या आणि कचेरीतल्या इंग्रजीतली लघुरूपं: समज आणि वापर' असा छापला आहे. वापराकडे येतोच. त्याआधी एक तक्रार मांडू द्या. ती ऐकायला एवढी माणसं एका जागी पुन्हा कधी बसतील, सांगता येत नाही.

तक्रार तीन अक्षरांची आहे. ईओडी, एंड ऑफ डे. 'प्लीज सेंड बाय ईओडी.' दिवस संपायच्या आत पाठवा. पण दिवस कोणाचा? मागणाऱ्याचा की करणाऱ्याचा? ऑफिस सुटेपर्यंतचा की मध्यरात्रीपर्यंतचा? साहेबांच्या डोक्यात सहा वाजलेले असतात, काम करणाऱ्याच्या डोक्यात अकरा एकोणसाठ. दोघंही आपापल्या जागी बरोबर, फाइल मात्र कोणाकडेच नाही. यावर तोड म्हणून काही जण सीओबी लिहितात, क्लोज ऑफ बिझनेस. निदान मध्यरात्रीचा वाद मिटला. पण पलीकडचा माणूस दुसऱ्या देशात असला की कामकाज कोणाचं, हा प्रश्न उरतोच. मग हुशार मंडळी वेळेपुढे प्रमाणवेळेचं लघुरूप जोडतात आणि घोळ आणखी वाढतो. आयएसटी ही भारताची वेळ, तशीच इस्राएलची, आणि उन्हाळ्यात आयर्लंडचीही. सीएसटी हिवाळ्यातल्या शिकागोत चालतं आणि शांघायमध्येही. दोन्हींत चौदा तासांचा फरक! पाच वाजताच्या बैठकीला एक जण जेवून झोपलेला असतो.

मग वेळ सांगायची कशी? एक तर शहराचं नाव घालून, नाही तर यूटीसीत, म्हणजे जगाने एकत्र मानलेल्या प्रमाणवेळेत. आणि यूटीसीची तर गंमतच आहे. इंग्रजीत नाव कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम, म्हणजे आद्याक्षरं यायला हवीत सीयूटी. फ्रेंचमध्ये शब्दांचा क्रम वेगळा, त्यामुळे तिथे टीयूसी. कोणाचं घ्यायचं? तडजोड म्हणून यूटीसी ठरलं, जे दोन्ही भाषांच्या क्रमात बसत नाही. जगाचं घड्याळ ज्या नावावर चालतं त्या नावाची अक्षरं कुठल्याच वाक्यातून निघत नाहीत. (हशा) हसलात, पण तडजोड उत्तम आहे. फोड कोणालाच लागत नाही आणि अर्थ एकच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. लघुरूप लिहिणाऱ्याचे दोन सेकंद वाचवतं आणि ते वाचणाऱ्याच्या खात्यातून काढतं. पीडीएफसारखं सर्वांना ठाऊक असेल तर काही बिघडत नाही. बिघडतं ते एका लघुरूपाला दोन अर्थ असले की. पीओसी म्हणजे संपर्काचा माणूस, पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट. आणि पीओसी म्हणजे प्रूफ ऑफ कन्सेप्ट, कल्पना चालते का हे दाखवणारा छोटा नमुना. 'पीओसी तयार आहे का?' याचं उत्तर काय द्यावं? एमओएम म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, आणि विक्रीच्या तक्त्यात तेच मागल्या महिन्याशी तुलना. पीटीओ पानाच्या तळाशी असेल तर पान उलटा, अमेरिकी नेमणूकपत्रात असेल तर पगारी रजा. नुसता 'एम' घ्या. बहुतेकांना तो मिलियन वाटतो. पण जुन्या हिशेबी पद्धतीत रोमन एम म्हणजे हजार, म्हणूनच काही वित्तसंस्था मिलियनला एमएम लिहितात, हजार गुणिले हजार. करारात '५ एम' लिहिलं तर एक जण पाच हजार वाचेल, दुसरा पन्नास लाख.

इस्पितळात हा प्रकार जिवावर बेततो. 'युनिट'साठी हाताने लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनच्या दहा युनिटांचे शंभर होतात. एमएस म्हणजे मॉर्फीन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट, दोन वेगळी औषधं, हाही तसाच गोंधळ. अमेरिकेत इस्पितळांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली वापरू नयेत अशा लघुरूपांची यादीच काढली. त्यात ही दोन्ही आहेत.

'हे सगळं आजकालच्या पोरांचं खूळ' असं पुढच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं. ओएमजी, म्हणजे 'ओ माय गॉड', पोरांचं वाटतं ना? ते १९१७ सालच्या पत्रात सापडतं. लिहिणारे ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल फिशर, वय शहात्तर, आणि पत्र चर्चिलना. महत्त्वाचं हे की म्हाताऱ्याने लगेच पुढे कंसात पूर्ण रूप लिहिलं. आपण तेवढंही करत नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू होतोय. पटापट सांगतो.

पहिल्यांदा लिहिताना पूर्ण रूप, कंसात लघुरूप, पुढे नुसतं लघुरूप. पुढे दोनदासुद्धा लागणार नसेल तर लघुरूप करूच नका. लघुरूपाआधी 'अ' की 'ॲन' हे अक्षर पाहून ठरत नाही, कानाने ठरतं: ॲन एमबीए, ॲन एनजीओ, पण अ यूआरएल, आणि नेटो हा सलग शब्द म्हणून उच्चारतात म्हणून अ नेटो. अनेकवचनाला शेवटी नुसता लहान एस, ॲपॉस्ट्रॉफी नाही. पिनमधला एन म्हणजेच नंबर आणि एटीएममधला एम म्हणजेच मशीन, म्हणून पिन नंबर, एटीएम मशीन यांत शेवटचा शब्द दोनदा येतो. बोलताना चालवून घ्या, छापताना नको. निमंत्रणावरचं आरएसव्हीपी हे 'कृपया उत्तर द्या' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचं लघुरूप, त्यातच 'कृपया' आहे, आधी प्लीज लावू नका.

ईजी म्हणजे उदाहरणार्थ, आयई म्हणजे अर्थात. करारात आयई लिहिलंत तर पुढची यादी तेवढीच धरली जाते, आणखी काही मागता येत नाही. टीबीडी: अजून ठरायचंय. टीबीसी: ठरलंय, पक्कं व्हायचंय. टीबीए: जाहीर व्हायचंय. टीबीडी दिसलं की तिकीट काढू नका.

एएसएपी, ॲज सून ॲज पॉसिबल, ही वेळ नाही, घाई आहे. ग्राहकाला किंवा वरिष्ठाला लिहिलं तर हुकूम वाटतो. 'गुरुवारी दुपारी तीनपर्यंत मिळालं तर बरं' असं लिहा. ईमेलमधलं सीसी म्हणजे माहितीसाठी, त्या माणसाकडून उत्तर अपेक्षित नाही. उत्तर हवं असेल तर त्याचं नाव वरच्या 'टू'मध्ये घाला. बीसीसी इतरांना दिसत नाही, पण बीसीसीतला माणूस 'रिप्लाय ऑल' दाबतो तेव्हा तो सगळ्यांना दिसतो. त्याला गुपचूप कळवायचंच असेल तर पाठवलेलं पत्र नंतर स्वतंत्रपणे फॉरवर्ड करा.