रेसच्या घोड्यात शेअर घेताय? आधी कराराचं शेवटचं पान उघडा

२०२० ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली प्रसिद्ध रेस, जिंकलेल्या ऑथेंटिक नावाच्या घोड्याचे मालक किती होते माहितीये? एक मोठा स्टड फार्म (घोड्यांची पैदास करणारा), अजून काही भागीदार, आणि त्यांच्या जोडीला ५,३१४ साधी माणसं, ज्यांनी ऑनलाइन २०६ डॉलरला एक अशा हिशोबाने शेअर घेतले होते. अशा बातम्या आल्या की मग सगळे विचारतात, आपण पण घ्यायचा का एखाद्या घोड्यात शेअर?

घ्या की. मला ही कल्पना मनापासून आवडते, एकट्याने रेसचा घोडा पाळणं फार थोड्यांना जमतं आणि सिंडिकेटमुळे ते दार बाकीच्यांना उघडतं. पण लोक शेअरची किंमत बघतात आणि तिथेच थांबतात, आणि माझं म्हणणं असं आहे की किंमत नंतर बघा, आधी हे बघा की त्या पैशात तुमच्या नावावर नक्की काय होणारे.

म्हणजे बघा, सिंडिकेट म्हणजे काय तर दहा-वीस जण किंवा हजारो जण मिळून एक घोडा घेतात, एक मॅनेजर असतो, तो ट्रेनर ठरवतो, बिलं भरतो, तुम्हाला अपडेट पाठवतो. इथपर्यंत सगळीकडे सारखंच. फरक पुढे आहे. काही ठिकाणी तुम्ही खरोखर घोड्याच्या पाच-दहा टक्क्यांचे मालक असता, घोडा विकला तर त्यातले पैसे तुमचे. काही ठिकाणी घोडा लीजवर असतो, म्हणजे तो पळतोय तोवर बक्षिसात तुमचा वाटा, लीज संपली की घोडा मूळ मालकाकडे परत आणि विक्रीतलं तुम्हाला काहीच नाही. आणि तिसरा प्रकार मायक्रोशेअरचा, त्यात बऱ्याचदा घोडा एखाद्या कंपनीच्या नावावर असतो आणि तुमच्याकडे त्या कंपनीतला एक कण असतो. जाहिरातीत मात्र तिन्हीकडे एकच वाक्य, "घोड्याचे मालक व्हा". मला हे पटत नाही, लीज असेल तर लीज म्हणा ना, मोठ्या अक्षरात.

आता खर्च. घोडा पळो न पळो, खातो रोज. ट्रेनरची फी, खुराक, सईस, नालबंद, डॉक्टर, रेसकोर्सपर्यंतची ने-आण, रेसची एन्ट्री फी, इन्शुरन्स, आणि वर मॅनेजरची फी. वर्षाचं शिंगरू घेतलं असेल तर ते दोन वर्षांचं होऊन, शिकून, पहिल्यांदा पळेपर्यंत सहज एक वर्ष जातं आणि त्या वर्षात फक्त बिलं येतात. म्हणून विचारायचं की शेअरच्या किमतीत सगळा खर्च धरलाय का दर महिन्याला वेगळे पैसे मागणार, आणि एखादा हप्ता चुकला तर माझ्या शेअरचं काय होणार. अजून एक, लिलावात घोडा कितीला घेतला आणि आम्हाला सगळे शेअर मिळून कितीला विकताय? मधे मार्जिन असणं चुकीचं नाही, माणूस काम करतोय, पण आकडा सांगायला का कू करत असेल तर मी तिथून उठेन.

बक्षिसाचं गणित लोक फार गोड करून घेतात. समजा घोड्याने १०,००,००० चं बक्षीस जिंकलं.

[स्क्रीनवर: १०,००,००० − २०% = ८,००,००० ÷ ५,००० शेअर = १६०]

ट्रेनर आणि जॉकीचे मिळून वीस टक्के गेले असं धरा, अमेरिकेत साधारण तेवढेच जातात, आणि उरलेले पाच हजार शेअरमधे वाटले तर एका शेअरला १६०. बिलं अजून वजा केलीच नाहीयेत.

आणि महाग घोडा घेतला म्हणजे तो पळेलच असंही नाही. द ग्रीन मंकी नावाचा घोडा २००६ मधे १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला, तीन रेस पळला, एकही जिंकला नाही.

याच्या अगदी उलट ड्रीम अलायन्स नावाचा घोडा. वेल्समधल्या एका खेड्यातले २३ जण, प्रत्येकी आठवड्याला १० पौंड. २००८ मधे त्याच्या पायाचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, फाटला, अशा वेळी बऱ्याच घोड्यांना तिथेच संपवतात, पण या लोकांनी जिंकलेल्या पैशातून त्याच्यावर स्टेम सेलचे उपचार केले, महिनोन् महिने थांबले, आणि २००९ मधे तो वेल्श ग्रँड नॅशनल ही मोठी रेस जिंकला. हे सांगताना मला आजही भरून येतं. पण हेही ऐका, एवढं सगळं होऊन शेवटी प्रत्येकाच्या हातात नफा पडला साधारण १,४३० पौंड. एवढी सुंदर गोष्ट, इतकी वर्षं, आणि एवढे पैसे. म्हणून कमाईसाठी यात येऊ नका, पहाटे घोडा सरावाला निघालेला बघायचाय, रेसच्या आधी पॅडॉकमधे, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात, आपल्या घोड्याजवळ उभं राहायचंय, त्यासाठी या.

मोठे पैसे खरं तर ब्रीडिंगमधे असतात. सेक्रेटेरियट नावाच्या गाजलेल्या घोड्याचं सिंडिकेट १९७३ मधे झालं, ३२ शेअर, प्रत्येकी १,९०,००० डॉलर, पण तो हिस्सा त्याच्यापासून होणाऱ्या शिंगरांसाठी होता. तुमच्या शेअरमधे ब्रीडिंगचा हक्क आहे का ते करारात शोधा, आणि घोडा खच्ची केलेला असेल तर तो प्रश्नच मिटला. फनी साइड असाच होता, काही शाळासोबत्यांनी मिळून काढलेल्या स्टेबलने ७५,००० डॉलरला घेतलेला, २००३ ची डर्बी जिंकला, पण पुढे ब्रीडिंगचं उत्पन्न शून्य.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच, कराराच्या शेवटच्या पानावर. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या घोड्यांची जात, पंचवीस वर्षं सहज जगतो, रेस पळतो त्यातली चार-पाच. मग उरलेली वीस वर्षं? कुठल्या शेतावर जाणार, दुसरं काम शिकवणार का, त्या खर्चाला पैसे आधीच बाजूला काढलेत का, आणि हजार मालक असताना तो निर्णय कोण घेणार? मॅनेजरला मेल करा, एकच ओळ लिहा, "मागच्या पाच वर्षांत तुमचे जे घोडे रिटायर झाले ते आज कुठे आहेत?" प्रत्येक घोड्याचं नाव आणि ठिकाण उत्तरात आलं तर मग शेअरच्या किमतीचं बोलायला बसा.