सुएझ की आफ्रिकेला वळसा? चला, भाड्याचा हिशोब मांडू

नमस्कार मंडळी! हा कागद बघा. न्हावा शेवा ते रॉटरडॅम, एका रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरचं कोटेशन. आत नाशिकची द्राक्षं जाणार आहेत. सगळे वरचं मूळ भाडं तेवढं वाचतात. तुम्ही आधी खालच्या ओळी वाचा: बंकर सरचार्ज, म्हणजे इंधनाचा जादा आकार, आणि वॉर रिस्क सरचार्ज, म्हणजे युद्धाच्या धोक्याचा. जहाज कुठून जाणार, याचा सुगावा तिथे लागतो.

19 नोव्हेंबर 2023 ला येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं. पुढच्या काही आठवड्यांत मोठमोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला. खलाशांच्या जिवाचा प्रश्न होता, तो पहिला. पण पैशाचा हिशोबही होता. मांडूया. आकडे मी समजायला सोपे घेतलेत.

जहाज 10 कोटी डॉलरचं. युद्धाच्या धोक्याचा विमा 0.7 टक्के, म्हणजे 7 लाख. कालव्याचा टोल 5 लाख. सुएझचे झाले 12 लाख.

आता वळसा. 12 दिवस जास्त. रोज 100 टन इंधन, टनाला 600 डॉलर: 7 लाख 20 हजार. जहाजाचं रोजचं भाडं 40 हजार: 4 लाख 80 हजार. बेरीज करा. तेही 12 लाखच!

विमा 1 टक्का झाला की सुएझ 15 लाखांवर, जहाज निघालं केपकडे. पण सगळीच जहाजं लांबून जायला लागली की तोच माल न्यायला जास्त जहाजं लागतात. जहाजं अपुरी पडतात, भाडं चढतं. ते 40 हजारांचं 80 हजार झालं, तर वळसा जवळपास 17 लाखांचा. म्हणजे मार्गामुळे दर बदलला, आणि बदललेला दर परत मार्गावर येऊन बसला. मला या विषयातलं हेच सगळ्यात आवडतं. नुसत्या दराचा अंदाज बांधून भागत नाही, दोन्ही एकत्रच धरावे लागतात.

2020 आठवा. हल्ले नव्हते. तेल मातीमोल झालं होतं, जहाजं रिकामी उभी होती. वरच्या हिशोबात इंधन 200 डॉलर आणि भाडं 10 हजार घालून बघा: वळसा 3 लाख 60 हजारांत, टोलपेक्षाही स्वस्त! तेव्हा काही कंटेनर जहाजं खरोखर केपवरून गेली, आणि कालव्याला टोलमध्ये सवलती द्याव्या लागल्या.

तर द्राक्षं भरण्याआधी फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटला, दोन गोष्टी विचाराच: जहाज कुठून जाणार, आणि हे सरचार्ज कोणत्या तारखेपर्यंत पक्के?