मधल्या दोरीला चारच चिमटे

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते कामं डोळ्यांसमोर मांडण्याबद्दल. डोक्यात नाही, वहीत नाही, डोळ्यांसमोर. ऑफिसांत यासाठी बोर्ड असतो, मोबाईलवर ॲप असतात. मी मात्र हे शिकले कऱ्हाडला, मावशीच्या पडवीत, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी करताना. म्हणून आधी तेच सांगते.

मावशीचा बचत गट नऊ जणींचा. पहिल्या वर्षी सगळ्या ऑर्डरी मावशीच्या वहीत होत्या आणि वही मावशीच्या पिशवीत. कुणाला काही विचारायचं तर मावशीला फोन. परदेशी जाणारी पार्सलं कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी निघायची होती. कोजागिरीच्या संध्याकाळी मी तिथे पोचले तर पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोहे तळून परातीत पडलेले, पण खोबऱ्याचे काप कुणी केलेच नव्हते. करंज्यांचं सारण तयार, पारीचा रवा भिजवलेला नाही. चकलीची भाजणी अजून गिरणीतच. सगळं सुरू झालं होतं आणि पुरं एकही नव्हतं. आणि अनारसे? तांदूळच भिजत घातले नव्हते. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं घातले असतील.

अनारशांचं तुम्हाला सांगायला नको. तीन दिवस तांदूळ भिजणार, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवायचे, कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं. आदल्या रात्री आठवून काय उपयोग? (आणि अनारसे गुळाचेच हवेत. काही जणी साखरेचे करतात, मला ते पटत नाही. गुळाचा तो रंग आणि वास साखरेला येतच नाही.) न्यू जर्सीला जाणारा एक डबा अनारशांविना गेला. त्या मुलीची आई डबा न्यायला दारात आली होती. ती एवढंच म्हणाली, "तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं हो." मावशी त्या रात्री जेवली नाही.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी माझा मावसभाऊ आला. तो चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्यानं पडवीत कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या बांधल्या, एकाखाली एक. वरची करायच्या कामांची, मधली चालू कामांची, खालची झालेल्या कामांची. नीट लक्षात ठेवा: करायचं, चालू, झालं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एकच काम आणि ते करणारीची खूण. (हल्ली पत्रिका मोबाईलवरच येतात. जाड कागदाची पत्रिका दाराशी येऊन कुणी अक्षता द्यायचं, ते जाऊ नये असं मला फार वाटतं.)

गटातल्या एका काकूंना वाचता येत नाही. म्हणून चिठ्ठीवर चित्रं काढली. चकलीला वेढे, करंजीला चंद्रकोर, अनारशाला गोल आणि त्यावर खसखशीचे ठिपके. परदेशी पार्सलाच्या चिठ्ठीला लाल दोरा. पहिल्याच सकाळी त्या काकू दोऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि कुणालाही न विचारता म्हणाल्या, "तांदूळ आज भिजायला हवेत, लाल दोरा आहे." आदल्या वर्षी त्यांना दर वेळी कुणाला तरी विचारावं लागे.

आता खरी गंमत ऐका. भावानं वरच्या आणि खालच्या दोरीला भरपूर चिमटे लावले, पण मधल्या दोरीला चारच. मावशी भांडली त्याच्याशी. नऊ बायका आणि चार चिमटे? तो म्हणाला, एका कामाला दोघी-तिघी लागा, पण एका वेळी कामं चारच. एक पुरं होऊन खाली गेलं की वरचं घ्या. परत सांगते, मधल्या दोरीला चारच चिमटे.

दसऱ्याच्या सुमारास चकलीची एक चिठ्ठी मधल्या दोरीवर अडकली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिनं चिमटा अडवलेला, त्यामुळे शेवेचं काम सुरू करता येईना. म्हणून मावशी आणि आणखी दोघी त्या बाईंच्या घरी गेल्या. भाजणी डब्यात तयार होती. सोऱ्याची चांदणीची चकती मधोमध तडकली होती आणि सासूबाई तापानं फणफणलेल्या. सगळ्याच घाईत आहेत, कुणाला सांगायचं, म्हणून बाई गप्प होत्या. मावशीनं घरचा पितळी सोऱ्या आणला. चौघींनी बसून रात्रीपर्यंत सहा किलो चकली काढली, एकीनं सासूबाईंना पेज भरवली. सकाळी चिठ्ठी खालच्या दोरीवर गेली. वहीत ती अडचण कधीच दिसली नसती.

या पद्धतीचं मूळ जपानमध्ये आहे. तिथे तिला कानबान म्हणतात, म्हणजे पाटी. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटची रीत हेरली: फळीवरून माल उचलला गेला की तेवढाच परत भरायचा. 1953 साली त्यांनी ती आपल्या मशीन शॉपमध्ये आणली. पुढच्या विभागाला लागेल तेवढंच मागच्यानं बनवायचं, आणि मागणी सांगायला चिठ्ठी. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ती भिंतीवर घेतली. 2011 साली ट्रेलो आलं, मोबाईलवर बोटानं सरकवायच्या चिठ्ठ्या. 2017 मध्ये अ‍ॅटलासियन कंपनीनं ते साडेबेचाळीस कोटी डॉलरना घेतलं. माणसं वेगवेगळ्या गावांत असतील तर ॲप जरूर वापरा. एका छपराखाली असतील तर भिंतच बरी, येता-जाता नजर पडते. "ग्रुपवर टाकलं होतं की" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! ग्रुपवरचा निरोप संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडला जातो.

घरात लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, मंडळाचा गणपती असो, तीन रांगा करा: करायचं, चालू, झालं. मधल्या रांगेची संख्या आधी ठरवा आणि ती मोडू नका. जी चिठ्ठी दोन दिवस हलत नाही, त्या माणसाकडे स्वतः जा. उशीर का झाला असं विचारू नका, काय हवंय ते विचारा.

त्या दुसऱ्या वर्षी न्यू जर्सीचा डबा कोजागिरीच्या चार दिवस आधी बांधून झाला. अनारसे सगळ्यात वर होते, जाळीदार, दोन थरांमध्ये केळीच्या पानाऐवजी बटर पेपर घातलेले. यंदाही पडवीत दोऱ्या बांधून झाल्यात. वरच्या दोरीवर पहिली चिठ्ठी काकूंनीच लावलीय. तिच्यावर तांदळाचे दाणे काढलेत आणि तिला लाल दोरा आहे.

नमस्कार.