बाहेरची चिठ्ठी

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळची गर्दी)

सव्वासातची वेळ. कसाऱ्याकडून आलेल्या लोकलमधून आजी ठाण्याला उतरतात. आसनगावच्या पुढचं त्यांचं गाव. पिशवीत जुना केसपेपर, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. साखर आहे, बीपी आहे. महिन्यातून एकदा गोळ्यांसाठी इथवर यायचं आणि त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचं.

रांगेतून औषधाच्या खिडकीपर्यंत पोचेस्तोवर दुपारचे बारा वाजले. दोन गोळ्या मिळाल्या. तिसरी, साखरेची, नव्हती. "आजी, ही बाहेरून घ्यावी लागेल." बाहेरची चिठ्ठी म्हणजे काय, हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये तपासणी आणि उपचार मोफत झाले. फार चांगला निर्णय. पण औषध कपाटात असेल तरच ते मोफत मिळणार ना!

(दृश्य: औषध भांडार, खोक्यांच्या थप्प्या)

हे खाडीपलीकडचं, नवी मुंबईतलं एक भांडार. नवीन माल आला की तो दर्शनी भागात लागतो आणि जुनी खोकी मागे सरकतात. मार्चएंडला निधी परत जाऊ नये म्हणून एकदम खरेदी झाली, तर थप्पी आणखी उंच होते. म्हणून फार्मासिस्ट एक नियम पाळतात: ज्याची मुदत आधी संपणार, ते आधी बाहेर काढायचं. यासाठी नवं यंत्र लागत नाही. खोकी उतरवायला दोन माणसं लागतात आणि दर आठवड्याला तारखा वाचायला एक तास लागतो. तेवढी माणसं मात्र असायला हवीत.

एक गोष्ट आम्हाला फार लागली. एक दवाखाना राज्य सरकारचा, दुसरा महापालिकेचा. मध्ये फक्त खाडी, पण साठा वेगळा, हिशेब वेगळा. इकडे गोळी मुदतीला आली असली तरी तिकडे संपलीय हे कळायची सोपी सोय नाही.

तामिळनाडूने ही गाठ 1995 मध्येच सोडवायला घेतली. सरकारी महामंडळ औषधं घाऊक विकत घेतं, जिल्ह्याच्या गोदामात ठेवतं आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक देतं. लागेल तेवढं उचलायचं, पासबुकावर नोंद करायची. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 च्या अहवालात म्हटलं होतं की आरोग्यावरच्या खर्चातला 20 ते 40 टक्के हिस्सा वाया जातो. तो वाचला तर किती चिठ्ठ्या कमी होतील, याचा विचार खरेदीच्या बैठकीत व्हायला हवा.

(दृश्य: लसीची कुपी, अगदी जवळून)

आता ही कुपी पाहा. लेबलवर जांभळं वर्तुळ, त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. वर्तुळाच्या रंगाला टेकला की लस फेकायची. गोवर-रुबेलाची कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते. पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीची मात्र नीट थंड ठेवली, नियम पाळले, तर 28 दिवस वापरता येते. शेवटच्या बाळासाठी गोवराची नवी कुपी उघडायची का? उघडायचीच, असं इथल्या सिस्टर सांगतात, आणि ते बरोबरच आहे. बाळाला लस मिळावी म्हणून उरलेले डोस टाकणं ही नासाडी नव्हे. बंद पडलेल्या फ्रिजमुळे शंभर डोस जाणं ही नासाडी.

मग पैसा आधी कुठे जावा? ठाण्याच्या जुन्या जिल्हा रुग्णालयाच्या जागी 900 खाटांची नवी इमारत उभी राहतेय. ती हवीच. शहापूर, मुरबाडचा गंभीर रुग्ण जाणार कुठे? पण साखरेच्या गोळ्यांत खंड पडत गेला की मूत्रपिंडं खराब होऊ शकतात आणि डायलिसिस मागे लागू शकतं. आठवड्यातून दोनदा-तीनदा, जन्मभर. गोळी काही रुपयांची, तिच्या अभावाचं बिल लाखांत. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हणूनच प्राथमिक आरोग्यसेवेला दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त निधी द्यायला सांगितलं. आमचंही मत तेच आहे: गावाजवळच्या केंद्रातली ही गोळी कधीही संपता कामा नये. तिचा खर्च आधी बाजूला काढायचा, बाकीचं त्यानंतर.

(दृश्य: रुग्णालयासमोरचं मेडिकल)

आजी काउंटरवर चिठ्ठी ठेवतात. दुकानदार पूर्ण पाकीट काढतो. किंमत ऐकून त्या कमरेची चंची उघडतात, नोटा मोजतात, परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला ठेवतात.

"पाचच द्या, बाबा."

दुकानदार कात्रीने पाकीट कापतो. पुढची तारीख महिन्याने आहे.