भिंतीला घातलेला रेनकोट

नमस्कार श्रोतेहो.

आमचं वाईजवळ एक जुनं घर आहे. वाडा म्हणावा इतकं मोठं नाही. सोपा, माजघर, वर एक माडी आणि मागे परस. तळाला काळा दगड, त्यावर विटा आणि सांध्यांत चुना. पंधराएक वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा सुटला, तेव्हा मी पुण्यात बसून फोनवरच सांगून टाकलं, सिमेंटनं करून घ्या, एकदाची कटकट मिटू दे. चार दिवसांत भिंत गुळगुळीत झाली. मी पैसे पाठवले आणि विसरून गेले.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या बाजूला, बरोबर देवघराच्या मागे, लोणा लागला. आधी पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायचं, मग रंगाचे पोपडे सुटले, मग विटेचाच भुगा पडू लागला. रोज सकाळी केरसुणीला लाल भुकटी लागायची. बाहेरचा सिमेंटचा थर मात्र ठणठणीत! शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्यांना बोलावलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी थापीच्या मुठीनं भिंतीवर ठकठक केलं, कान लावला, थोडं पुढे सरकून पुन्हा ठकठक केलं. पोकळ आवाज येत होता. मग म्हणाले, "ताई, भिंतीलाबी घाम येतो. तुम्ही तिला रेनकोट घातला. आता आत भिजल न्हाईतर काय हुईल?"

या एका वाक्यात जे शास्त्र होतं, ते मला नंतर पुस्तकांतून समजून घ्यायला दोन महिने लागले. जमिनीतली ओल जोत्यातून वर चढते. चुन्याचा सांधा सच्छिद्र असतो, तो ती ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा थर ती अडवतो. मग पाणी विटेतून वाट काढतं आणि जाताना बरोबरचं मीठ विटेतच ठेवून जातं. त्या मिठाचे स्फटिक वाढले की वीट आतून फुटते. चुना स्वतः झिजतो आणि विटेला वाचवतो. काही दशकांनी सांधे पुन्हा भरा, एवढंच त्याचं मागणं.

आपल्याला सिमेंट अनादि काळापासून असल्यासारखं वाटतं. पण पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये निघालं १८२४ साली आणि आपल्याकडे पोरबंदरला कारखान्यात ते बनायला लागलं १९१४ साली. शनिवारवाड्याचा पाया घातला गेला १७३० मध्ये. म्हणजे त्याआधीचं आणि त्यानंतरचंही पावणेदोनशेहून अधिक वर्षांचं आपलं बहुतेक पक्कं बांधकाम चुन्यावर उभं आहे. हा चुना करायचा कसा, हे ज्यांना हातानं माहीत आहे, अशी माणसं आता एका तालुक्यात किती उरली असतील, याचा विचार केला की मला जरा धास्तीच वाटते.

अण्णांनी आमच्या भिंतीसाठी चुना केला, तेव्हा मी रजा काढून गेले होते. कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीचे पांढरे खडे, त्यांनी पिंपातल्या पाण्यात सोडले. क्षणभर काहीच झालं नाही. मग पिंप खदखदायला लागलं, वाफ आली, आणि अण्णा मला म्हणाले, "मागं व्हा, डोळ्यात उडंल." तो निवला, गाळला आणि पाण्याखाली झाकून ठेवला. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, "जितका मुरंल तितका ग्वाड." लोणच्याबद्दल बोलावं तसं! महिन्याभरानं तो लोण्यासारखा झाला होता. पान खाणाऱ्या श्रोत्यांना हा चुना ओळखीचा असेल, तुमच्या डबीतला तो याचाच भाऊ. मग त्यात चाळलेली वाळू आणि विटेचा चुरा घातला, आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेला हिरडा. पूर्वी हे सगळं घाणीत मळत. दगडी गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि ते ओढणारा बैल किंवा रेडा. काही किल्ल्यांवर अशा घाणीची चाकं आजही पडलेली दिसतात, आपण त्यावर बसून फोटो काढतो. आमच्याकडे घाणी नव्हती, तेव्हा अण्णांनी आणि दोन बिगाऱ्यांनी ते पायानं तुडवलं. झालं की नाही हे कसं ओळखायचं? अण्णांनी थापीवर गोळा घेतला आणि थापी उलटी केली. गोळा पडला नाही. "आता लावा," म्हणाले. याला कुठलं मोजमाप लावणार?

आणि नेमकं इथंच घोडं अडतं. जुन्या इमारतीचं काम निघतं तेव्हा अंदाजपत्रक सरकारी दरसूचीवरून बनतं. निविदा सगळ्यांत स्वस्त ठेकेदाराला जाते, आणि मार्चअखेरपर्यंत पैसे खर्च झाले नाहीत तर परत जातात. चुन्याला मार्चअखेर कळत नाही. तो महिनाभर पिंपात मुरणार, लावल्यावर कितीतरी दिवस ओला ठेवावा लागणार, आणि नंतर वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत सावकाश पुन्हा दगड होत जाणार. मग घाईत काय होतं? वरून दिसायला चुना आणि आत मूठ-मूठ सिमेंट. अण्णांसारख्या माणसाची हजेरी त्याच दरानं लागते, ज्या दरानं काल थापी धरलेल्या पोराची. मग अण्णांचा मुलगा टेम्पो चालवतो, यात त्याचं काय चुकलं?

बरं, एक हात गेला की तो एकटा जात नाही. पाथरवटाची टाकी दिवसभर काळ्या दगडावर चालली की संध्याकाळी बोथट होते. ती लोहाराकडे नेऊन शेवटून घ्यायची, म्हणजे पुन्हा टोकदार करून घ्यायची, भात्यावर तापवून तिला पाणी द्यायचं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण म्हणतो, पण रोज रात्री त्या टाकीला पाणी देणारा लोहार गावात लागतो, हे म्हणीत येत नाही. कुंभाराचंही तसंच. नळीची कौलं करताना चाकावर मातीची नळी ओढायची आणि ओली असतानाच उभी चिरायची. बेसल मिशन या ख्रिस्ती मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू मंगलोरी कौलं कोकणात, घाटावर सगळीकडे पोचली. नळीच्या कौलांचं घर दर उन्हाळ्यात शाकारावं लागायचं. कटकट होती, खरं आहे. पण त्या कटकटीमुळेच कुंभाराला आणि शाकारणाऱ्याला दरवर्षी काम मिळायचं, आणि शाकारताना वाशाला कुठं वाळवी लागली आहे तेही दिसायचं. घरावर स्लॅब पडला तेव्हा ही कटकट संपली, आणि ते कामही.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही किल्लारीचा भूकंप विसरलात का? नाही विसरले. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, दगड-मातीच्या भिंती आणि वरची माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, कोसळून हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. त्यानंतर मराठवाड्यात माणसाला दगडी भिंतीशेजारी झोपायची भीती वाटली, तर तिला हसणारी मी कोण? पण त्या भिंती नीट पाहणाऱ्यांनी जे नोंदवलं ते ऐकण्यासारखं आहे. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारे लांब, आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. माळवद गळायला लागलं की जुनी माती न काढता वर नवी पांढरी माती टाकत गेले आणि छताचं ओझं वाढत गेलं. मला विचाराल तर हे दगड-मातीचं अपयश नव्हतं, तिथं कसब आधीच पातळ झालं होतं. आपण मात्र सगळ्या जुन्या बांधकामावरच फुली मारली.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत गवंडी, सुतार, लोहार, कुंभार, पाथरवट सगळे आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये आहेत, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज आहे. चांगलं आहे. पण अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कोनाड्यातली थापी काढून दाखवली. मूठ हातानं झिजून खोलगट झालेली. "अवजारं हायेत ताई. काम हाय का?"

काम खरं तर समोर आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपण फटाके वाजवले, योग्यच केलं. आता त्या तटबंद्यांचे सांधे पुढची पन्नास वर्षं भरायचे आहेत, आणि ते ज्या हातांनी भरायचे ते हात तयार करायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची भट्टी आणि घाणी असावी, तिथं बारा महिने पगारावर वीस माणसं असावीत, म्हातारे आणि पोरं एकत्र. निविदा नको, मार्चअखेर नको. मला एवढंच सुचतं.

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलेलं आहे, 'सेवेचे ठायी तत्पर'. आपण तिथं वाकतो. पण हिरोजींच्या हाताखाली ज्यांनी दगड फोडला, घडवला, वर चढवला, त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. दगड फोडणाऱ्या वडार समाजातली कितीतरी कुटुंबं तर अगदी परवापरवापर्यंत पालात राहत होती. दुसऱ्यांचे तट बांधणाऱ्यांना स्वतःची भिंत नव्हती.

आमच्या घराचं सांगायचं तर पश्चिमेची भिंत अण्णांनी पूर्ण खरवडून चुन्यानं केली. त्याला आता चार पावसाळे झाले. देवघरामागे भुकटी पडत नाही. उत्तरेची अजून राहिली आहे. अण्णांचे गुडघे गेलेत, ते आता परांचीवर चढत नाहीत. पण टेम्पोवाला मुलगा म्हणालाय, दिवाळीनंतर रविवारी-रविवारी येतो, अण्णा खाली खुर्चीत बसून सांगतील तसं करतो. त्याच्यासाठी पिंपात चुना भिजत घातलाय. दर आठवड्याला फोन करून मी विचारते, वर पाणी आहे ना.

नमस्कार.