86 नंबर म्हणजे फ्लॉप? चार्टचा आकडा वाचायचा कसा

नमस्कार मंडळी. आज लाइट जरा पिवळा पडलाय, बाजूच्या बिल्डिंगमध्ये ड्रिलिंग चालू आहे, पण हा व्हिडिओ आजच करायचा होता. गेल्या शॉर्टखाली तुम्ही जी जुंपली आहे ना एकमेकांत, ती वाचून मला काल रात्री झोप लागली नाही. बरं, लागली, पण उशिरा.

झालं असं की त्या शॉर्टमध्ये मी म्हणाले, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' 1979 मध्ये अमेरिकेत 86 नंबरपर्यंतच पोचलं. संपलं. एवढंच वाक्य. त्यावर एक दादा म्हणतात, "ताई, अभ्यास करून या, 9 नंबर होता." दुसरे म्हणतात, "86 म्हणजे फ्लॉपच की, उगाच डोक्यावर घेतलंय." आणि तिसरे, माझे आवडते: "हे गाणं नंबर वन होतं, माझ्या मामाकडे कॅसेट होती." अहो, मामाकडे कॅसेट होती हा मामाच्या आवडीचा पुरावा झाला. माझ्या मामाकडे तर व्यायामाची कॅसेट होती, आणि मामाचं पोट मी बघितलंय.

आणि हो, "फ्रेडी आपल्या पाचगणीचा" ही कमेंट आता मी मोजत नाही. मान्य आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, जन्म झांझिबारचा, पण शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, तिथंच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड. मी वाईची आहे, पसरणी घाट चढला की पाचगणी, त्यामुळे अभिमान मला तुमच्यापेक्षा चार किलो जास्त आहे. पण घाटामुळे अमेरिकेतला नंबर बदलत नाही.

तर बेसिक पटकन उरकते, कारण हे तुम्हाला माहीत आहे. सिंगल म्हणजे ही.

[तबकडी कॅमेऱ्यासमोर धरते]

सात इंची तबकडी, एका बाजूला एक गाणं, उलटवली की दुसरं. ए साइड, बी साइड. ही मला चोर बाजारात मिळाली, दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात, आणि तरी मी फसलेच असणार. ए साइडला 'डोन्ट स्टॉप मी नाऊ', मागे 'इन ओन्ली सेव्हन डेज'. इथं कडेला चरा दिसतोय? तिथं सुई दरवेळी उडी मारते, त्यामुळे घरी आम्ही हे गाणं सुरुवातीचे काही शब्द गाळूनच ऐकतो. माझ्या मुलीला गाणं तसंच आहे असं वाटायचं. असो. तर अशा सिंगल्सची दर आठवड्याला जी क्रमवारी लागते तो चार्ट. त्या काळी ब्रिटनमध्ये विक्रीवरून, अमेरिकेत विक्री आणि रेडिओवर वाजणं दोन्ही धरून. झालं बेसिक.

आता जिथं गाडी अडते तिथं या. नंबर गाण्याचा नसतो. नंबर असतो त्या आठवड्याचा, त्या देशातला आणि त्या यादीतला. तिन्ही. यातलं एक जरी गाळलंत तर आकडा निरर्थक. आणि तुम्ही तिन्ही गाळता!

माझा मोठा भाऊ सातवीत 'अ' तुकडीत होता. वर्गात अकरावा. आठवीत त्याला काही कारणानं 'ब' तुकडीत टाकलं, आणि पहिल्याच चाचणीत गडी पहिला. आईनं पेढे वाटले. बाबांनी दोन्ही प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवली, टक्के बघितले आणि पेढा खात एवढंच म्हणाले, "टक्का एकानं कमी झालाय." तर भाऊ हुशार झाला नव्हता, शेजारी बसणारे बदलले होते. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ'चं तेच. त्याच वर्षी, तेच गाणं. ब्रिटनमध्ये 9, अमेरिकेत 86. तुकडी वेगळी. म्हणजे ते पहिले दादाही बरोबर आणि मीही बरोबर. फक्त दादांनी "अभ्यास करून या" म्हणायच्या आधी माझ्या वाक्यातला 'अमेरिकेत' हा शब्द ऐकायला हवा होता.

आणि गंमत सांगू? 1979 मध्ये ब्रिटनमध्ये हे गाणं 86 वर असणं शक्यच नव्हतं. कारण तिथली यादीच तेव्हा 75 वर संपायची. 1952 च्या नोव्हेंबरमध्ये तिथला पहिला चार्ट निघाला तेव्हा तर फक्त 12 नंबर होते. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकातले पर्सी डिकिन्स वीसेक दुकानांना फोन करायचे, काय खपलं विचारायचे, आणि झाली यादी. पहिल्या यादीत 12 नंबरांवर 15 गाणी होती, कारण बरोबरी झाली होती. म्हणजे "चार्टमध्ये आलंच नाही" या वाक्याचा अर्थ 1952 मध्ये वेगळा, 1979 मध्ये वेगळा. अमेरिकेत बिलबोर्ड या मासिकाची यादी 1958 पासून शंभराची. त्याखाली आणखी एक यादी, शंभरात शिरायला धडपडणाऱ्यांची. लुई आर्मस्ट्राँगचं 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' माहीत आहे ना? लग्नाच्या व्हिडिओत असतं ते. अमेरिकेत ते पहिल्यांदा आलं तेव्हा त्या खालच्या यादीत, 116 वर अडकलं. कंपनीच्या प्रमुखालाच ते आवडलं नव्हतं, त्यामुळे जाहिरात शून्य. त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये तेच गाणं 1968 साली नंबर वन! मग 1987 मध्ये एका सिनेमात वाजलं आणि 1988 मध्ये अमेरिकेत 32 वर गेलं. तोपर्यंत लुईला जाऊन सतरा वर्षं होत आली होती.

अजूनही कुणी "32 म्हणजे फार काही नाही" म्हणणार असेल तर मी उठते इथून.

बरं, दुसऱ्या बाजूनं सांगते, कारण मला माहीत आहे, तुकडीचं उदाहरण काहींना पटलेलं नाही. समजा देश एकच, यादी एकच. तरीही आठवडा बघायचा. 1981 चा फेब्रुवारी, ब्रिटन. अल्ट्राव्हॉक्स नावाच्या बँडचं 'व्हिएन्ना'. गंभीर, संथ, मोठं गाणं. चार आठवडे दुसऱ्या नंबरवर. पहिला आठवडा ठीक आहे, वर जॉन लेनन होता, त्याचा खून होऊन दोन-तीन महिने झाले होते, त्याच्यापुढे कोण टिकणार. पण नंतरचे तीन आठवडे वर कोण होतं? जो डॉल्चे. 'शडप यू फेस'. मुद्दाम इटालियन ढंगात इंग्रजी बोलत केलेलं गमतीचं गाणं. म्हणजे तुम्ही भैरवीला बसलात आणि शेजारच्या मांडवात डीजे लागला. ब्रिटिश लोकांना हे इतकं लागलं की तीसेक वर्षांनी श्रोत्यांची मतं घेऊन 'व्हिएन्ना'ला मानाचा नंबर वन दिला गेला. त्यात गाण्याची चूक काय होती? काही नाही. आठवडा चुकला.

बीटल्सचंही तसंच. 1967. 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' एकाच तबकडीवर. दोन्ही बाजूंना सोनं. ब्रिटनमध्ये नंबर दोन. वर कोण? एंगलबर्ट हम्पर्डिंक, 'रिलीज मी', सहा आठवडे हलला नाही. आणि हा एंगलबर्ट जन्मला कुठे? मद्रासला! आता चेन्नईवाले त्याच्या व्हिडिओंखाली "आपला माणूस" लिहीत असतील, लिहू देत.

तिसऱ्या बाजूनं सांगते, मग सोडते. सोडणार नाही खरं तर. देश धरला, आठवडा धरला, तरी यादीचा नियम बघायचा. नव्वदच्या दशकात अमेरिकेत नियम असा होता की गाणं सिंगल म्हणून दुकानात विकायला नसेल तर शंभरच्या यादीत त्याला प्रवेशच नाही. रेडिओवर कितीही वाजो. कंपन्यांनी विचार केला, सिंगल काढलीच नाही तर लोक झक मारत आख्खी सीडी घेतील. नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' आठवतंय? रेडिओच्या यादीत सोळा आठवडे नंबर वन. आणि शंभरच्या यादीत? नाही. 100 वर नाही, 116 वर नाही. कागदावर ते गाणं नव्हतंच. डिसेंबर 1998 मध्ये नियम बदलला, तोपर्यंत नॅटली इंब्रुलियाचं 'टॉर्न' रेडिओवर गाजून गाजून थकलं होतं, त्यामुळे ते उताराला लागल्यावर यादीत आलं आणि नोंद राहिली 42 ची. आता कुणीतरी पोरगं वीस वर्षांनी विकिपीडिया उघडतं, 42 बघतं आणि माझ्याखाली लिहितं, "ओव्हररेटेड." अरे बाळा, त्या वर्षी अमेरिकेत गाडीतला रेडिओ लावला की तेच लागायचं!

हे मला इतकं का झोंबतं ते सांगते. कॉलेजमध्ये असताना एका आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत आम्ही फायनलला होतो. शेवटचा प्रश्न: क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अमेरिकेत कितव्या नंबरपर्यंत गेलं? मी बझर दाबला. "9." आयुष्यात इतक्या खात्रीनं मी फक्त लग्नाला नाही म्हटलंय, तेही दोनदा. सर म्हणाले, चूक, उत्तर 2. पुढच्या टीमला ढाल, आम्हाला पेनं. जेल पेनं.

आता बघा. 1976 मध्ये 9. बरोबर. मग 1991 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेडी गेला, 1992 मध्ये एका विनोदी सिनेमात चार-पाच पोरं गाडीत बसून या गाण्यावर माना हलवतात तो सीन गाजला, आणि गाणं परत चढलं. नंबर दोनपर्यंत. वर होते क्रिस क्रॉस, 'जम्प', दोन लहान मुलं, पँट उलटी घातलेली. खरंच, उलटी. म्हणजे सरांचं कार्डही बरोबर, मीही बरोबर, प्रश्नात साल नव्हतं. सिनेमाचं मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे मी भांडलेही नाही. वीस वर्षं मला वाटत होतं आपलंच चुकलं. ते जेल पेन अजून आहे, चालत नाही.

ब्रिटनमध्ये याच गाण्याची आणखी एक मजा. 1975 च्या शेवटी नंबर वन, नऊ आठवडे. मग कुणी उतरवलं? आबा (ABBA) या स्वीडिश बँडनं. 'मम्मा मिया'. आणि ते दोन शब्द कुठल्या गाण्याच्या मधोमध येतात ते तुम्हीच आठवा. फ्रेडी गेल्यावर तेच गाणं पुन्हा वर, आणखी पाच आठवडे.

फ्रेडीचं स्वतःचं, बँडशिवायचं 'लिव्हिंग ऑन माय ओन' 1985 मध्ये ब्रिटनमध्ये 50 वर थांबलं. पन्नास. त्याच्या पहिल्याच एकट्या अल्बममधलं गाणं. 1993 मध्ये कुणीतरी त्याला नाचायचा ठेका लावला, रीमिक्स केलं, आणि ऑगस्टमध्ये नंबर वन. गायला तोच, आवाज तोच, बघायला तो नव्हता. मूळचं गाणं मला रीमिक्सपेक्षा जास्त आवडतं, आणि यावर मी वाद घालणार नाही, कारण आवडीला नंबर नसतो. म्हणजे असतो. आमच्या आत्याकडे आहे.

[वही उघडून दाखवते]

ही तिची दोनशे पानी वही. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला, अमीन सयानी. तीही 1952 सालीच सुरू झाली बरं का, ब्रिटनच्या चार्टच्या मागोमाग. आत्या बसायची रेडिओला चिकटून. हे बघा, पायदान, म्हणजे गाण्याचा नंबर, निळ्या शाईनं, गाणं चढलं की लाल बाण वर, उतरलं की खाली. शाई दमटपणानं फुटलीय थोडी. आणि उजवीकडे हा पेन्सिलचा रकाना दिसतोय? त्यावर लिहिलंय 'माझा'. दर आठवड्याला ती अमीनभाईंच्या नंबरशेजारी स्वतःचा नंबर टाकायची. इथं निळ्यात 13 आहे, पेन्सिलीत 1. पुढच्या आठवड्यात निळ्यात गाणं गायब, यादीबाहेर. पेन्सिलीत अजून 1. सलग सात आठवडे ती ते गाणं तिथं एकटीनं धरून बसलीय.

तर आता कमेंटमध्ये आकडा टाकणार असाल तर देश, साल आणि यादी टाका. नुसतं "ताई, 2 होता" लिहिलंत तर मी उत्तर देणार नाही, आत्या देईल. तिला मागच्या महिन्यात स्मार्टफोन घेतलाय आणि ती तुमच्या कमेंट वाचते. त्या व्यायामाच्या कॅसेटवाल्या मामाबद्दल तिला बरंच बोलायचंय, पण मी तिला थांबवलंय.