क्रॉपी, जॉर्डन लेक आणि नऊ फूट पाणी

(नॉर्थ कॅरोलायनातल्या मराठी मंडळींसमोर एका शनिवारी संध्याकाळी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून थोडं संपादित केलेलं.)

नमस्कार मंडळी. मघाशी माझी ओळख करून देताना मी पकडतो त्या गोड्या पाण्यातल्या माशाचा 'क्रॅपी' असा उच्चार झाला आणि मागच्या रांगेतली पोरं फिस्सकन हसली. पोरांचं चुकलं नाही, इंग्रजीत 'क्रॅपी' म्हणजे भिकार, आणि माशाचं स्पेलिंगच तसं आहे. दोन्ही उच्चार चालतात. मी 'क्रॉपी' म्हणणार, कारण मला ज्यांनी शिकवलं ते तसं म्हणायचे. लुइझियानात याच माशाला फ्रेंचमधून आलेलं 'साकाले' असं नाव आहे, शब्दशः 'दुधाची पिशवी'. तळलेला तुकडा बोटांनी उघडून बघितला की नाव पटतं.

मी राजापूरकडचा. लहानपणी आम्ही नदीवर गरवायला जायचो. एक काठी, तंगूस, गरी, शिशाचा तुकडा आणि नारळाच्या करवंटीत गांडुळं, एवढाच सरंजाम. त्यामुळे २०११ साली इथे आलो तेव्हा मासे पकडणं मला येतं अशी माझी समजूत होती. ती इथल्या जॉर्डन लेक या तलावाने पहिल्याच वर्षी उतरवली. मार्च ते नोव्हेंबर मी जवळजवळ प्रत्येक शनिवारी काठावर उभा होतो. मिळाले किती? चार. त्यातले तीन क्रॉपी नव्हतेच. बायको म्हणायची, इतक्या पेट्रोलमध्ये पापलेट आलं असतं.

आता ते चुकलं कुठे, ते सांगतो. नदीत मासा कुठे असेल ते नदीच सांगते. डोहात, खडकाच्या आडोशाला, वळणावर. डोळ्यांना दिसतं. सुमारे १४ हजार एकरांचा तलाव तुम्हाला काहीच सांगत नाही. वरून नुसती सपाट परात. मी काय करायचो, तर जिथे सावली छान आहे, गाडी लावायला जागा आहे, तिथे उभा राहायचो. म्हणजे माझ्या सोयीची जागा. माशाची सोय मी विचारलीच नव्हती.

हा तलाव निसर्गाने केलेला नाही. १९४५ च्या सप्टेंबरात केप फिअर नदीला मोठा पूर आला, खालच्या अंगाचं फेएटव्हिल शहर बुडालं, आणि त्यानंतर वरच्या अंगाला धरण बांधायचा विचार सुरू झाला. हॉ नदीवर धरण झालं, न्यू होप नदीचं खोरं पाण्याखाली गेलं आणि १९८२ मध्ये तलाव भरला. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर बोट चालवता ती एक दरी आहे. खाली जुने रस्ते आहेत, ओढे आहेत, तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत. आपल्याला हे नवीन नाही. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं असेल. देऊळ वर आलं की माणसं फोटो काढायला जातात. मासे पकडणाऱ्याने त्या दिवशी देवळाऐवजी ओढ्याच्या काठाचा फोटो काढावा. पाणी परत चढलं की मासा तिथेच येणार आहे.

दुसऱ्या वर्षी मी खोलीच्या रेषा असलेला नकाशा आणला आणि भिंतीवर चिकटवला. जुन्या ओढ्याचं पात्र निळ्या पेन्सिलने गिरवलं. जिथे पात्र वळतं, जिथे दोन ओढे मिळतात, जिथे पुलाचे खांब पात्राच्या कडेला येतात, तिथे खुणा केल्या. पंचवीस-तीस खुणा झाल्या. एका माणसाला एका मोसमात एवढ्या जागा बघून होत नाहीत. मग काय करायचं? विचारायचं.

आता विचारण्याबद्दल. कोकणात एखाद्या म्हाताऱ्याला "काका, मासे खंय गावले?" म्हणून विचारलंत तर तो शांतपणे सांगतो, "पाण्यात." इथेही तेच. धक्क्यावर रोज एक आजोबा दिसायचे, सत्तरीचे, डोक्यावर फाटकी टोपी, बसायला उलटी बादली. मी विचारलं, कुठे मिळतात? त्यांनी हात करून एक दिशा दाखवली. मी दोन शनिवार तिथे घालवले आणि एकही मासा मिळाला नाही. तिसऱ्या शनिवारी ते स्वतः त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला बसलेले. मला बघून ते हसले, मीही हसलो, दुसरं करणार काय! तेव्हा त्यांनी सांगितलं की जागा कुणी कुणाला सांगत नसतं, ते विचारूच नये. किती खोल, ते विचार. ते सगळे सांगतात, आणि खरं सांगतात.

आणि तसंच आहे! त्या दिवसापासून मी धक्क्यावर, आमिषाच्या दुकानात, बोट उतरवायच्या उतारावर, भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत आलो आहे: आज किती फुटांवर? लोक सहज बोलून जातात. "नऊ." "सकाळी सहा होते, उन्हं चढल्यावर बारा." कारण खोली सांगितल्याने आपलं गुपित फुटलं असं कुणाला वाटत नाही. पण एकाच दिवशी क्रॉपी तलावात इथे आठ फुटांवर असतील तर पाच मैलांवरही साधारण त्याच्याच आसपास सापडतात. पाण्याचं तापमान, उजेड, प्राणवायू, आणि ज्याच्यामागे ते असतात तो बारीक शॅड मासा, हे सगळं मिळून त्यांचा थर ठरतो. उन्हाळ्यात तर फारच स्पष्ट. ऊन तापलं की वर गरम पाणी, खाली गार पाणी, आणि खालच्या थरात प्राणवायू संपत जातो. तिथे गरी सोडणं म्हणजे रिकाम्या घराची बेल वाजवणं.

म्हणून अनोळखी तलावावर पहिला दिवस मासे पकडण्यात घालवू नये, पाणी वगळण्यात घालवावा. मी काय करतो सांगतो. एक-षोडशांश औंसाची जिग घ्यायची. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी, तिच्यावर रबराची शेपटी. इथलं पाणी गढूळ, म्हणून पोपटी रंग. ती फेकायची आणि पडल्या क्षणापासून मनात आकडे मोजायचे. चारपर्यंत मोजून हळू ओढायची. काही नाही? पुढच्या वेळी सहा. मग आठ. आठवर चावा आला की तो आठ लिहून ठेवायचा आणि पुढे दिवसभर आठच. क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो वर बघून खातो. आमिष त्याच्या डोक्यावरून दोन फूट गेलं तरी तो उठून येतो. खालून गेलं तर त्याला पत्ताही नसतो. चुकायचंच असेल तर वरच्या बाजूला चुका.

आता चाव्याबद्दल. नदीतल्या माशाने बूच खाली ओढलं की आपण झटका द्यायचो. क्रॉपी आमिष तोंडात घेऊन वर येतो. त्यामुळे शिशाचं वजन उचललं जातं आणि उभं असलेलं बूच पाण्यावर आडवं पडतं. नुसतं आडवं! मी वर्षभर ते बघत होतो आणि वाटायचं की तंगूस गुंतला. कमीत कमी पन्नास मासे मी तसे घालवले असतील. आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी राजापुरी झटका दिला, तर गरीला पातळ कागदासारखा ओठाचा तुकडा लागून आला. याला इथे 'पेपरमाउथ' म्हणतात ते उगीच नाही. मनगट फक्त उचलायचं, दुधावरची साय काढताना उचलतो तसं, आणि मासा बोटीत घेताना जाळी खाली धरायचीच.

वसंत ऋतूची गोष्ट वेगळी. इथे जुनी माणसं म्हणतात, डॉगवूडचं झाड फुललं की क्रॉपी काठाला येतो. पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या वर सरकलं की ते ओढ्यांच्या तोंडाशी, उथळ पाण्यात अंडी घालायला येतात. नर अंगाने काळाकुट्ट होतो आणि घरट्यावर पहारा देतो. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात, तसंच हे. त्या दोन-तीन आठवड्यांत कुणालाही मासे मिळतात, आणि त्यातूनच गैरसमज होतो की आपल्याला तलाव कळला. मलाही झाला होता. मे महिन्याच्या अखेरीस उतरला. चढणीच्या माशांबद्दल बोलताना हेही सांगतो, की इथे जॉर्डनला क्रॉपी दहा इंचांपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि दिवसाला वीसच. माझा पहिला खरा मासा पावणेदहा भरला. पट्टी तीनदा लावली. शेवटी सोडला, आणि तो आपल्या आपण गेला, मागे वळूनही न बघता.

आता तो सोनार, म्हणजे ध्वनिलहरींवरून पाण्यातलं समोरचं जिवंत चित्र पडद्यावर दाखवणारं यंत्र. २०१८ नंतर तो बोटीबोटीवर दिसायला लागला. पडद्यावर मासा दिसतो, तुमची जिग दिसते, मासा जिगकडे येताना दिसतो. माझ्याकडे नाही. पैसे नाहीत हे एक कारण झालंच, पण मला ते उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर लिहिल्यासारखं वाटतं. तरुण मंडळी माझ्याशी भांडतील, भांडोत. वन्यजीव खात्याने माशांसाठी आसरे पाण्यात ठेवून वर बोया, म्हणजे तरंगत्या खुणा, लावल्या आहेत, त्यांचा नकाशा कुणालाही बघता येतो. त्या जागा नवशिक्याला चांगल्या, फक्त रविवारी तिथे जत्रा असते. आणि सोळा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांनी मासेमारीचा परवाना काढा, ते बजावून सांगतो.

खाण्याबद्दल विचारणार आहात, माहीत आहे. इथे मक्याच्या पिठात घोळवून तळतात. आम्ही हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवतो, मग तांदळाचं पीठ आणि रवा. गोड्या पाण्याचा मासा असून चिखलाचा वास नाही. त्या धक्क्यावरच्या आजोबांना एकदा डबा नेला होता. त्यांनी दोन तुकडे खाल्ले, तिखटाने नाक पुसलं, आणि तिसरा घेतला.

एक चिठ्ठी आली आहे. "परवा फेसबुकवर टाकलेले अकरा मासे कुठल्या पुलाखाली मिळाले?"

नऊ फुटांवर.